पहाऱ्यावर पहारा

पूर्वी एका बाभुळबनात सातभाई पक्ष्यांचा थवा राहत होता. सगळे खाली किडे टिपत, तेव्हा बाळकू शेंड्यावर बसून पहारा देई. म्होरक्या भुरप्पाच्या मनात मात्र संशय होता. "उपाशी राहून याचं अंग भरलेलं कसं? वर नक्की काहीतरी खातो."

एके दिवशी तो गुपचूप बाळकूच्या मागे जाऊन बसला. बाळकू काहीच खात नव्हता, तरी भुरप्पाचं समाधान होईना. तो आणखी जवळ सरकला आणि पानं सळसळली.

"कोण आहे?" बाळकू दचकून वळला. तेवढ्यात समोरून शिक्रा झेपावला आणि भुरप्पाच्याच धाकट्या लेकीला घेऊन गेला.

"आप्पा, तुम्ही इथे काय करत होता?" बाळकूने विचारलं.

दुसऱ्या दिवशी भुरप्पानेच बाळकूला शेंड्यावर बसायला सांगितलं आणि किडे टिपताना एकदाही वर पाहिलं नाही.