टेकवाडी कुठल्याच गावात का नाही

या, सावलीला बसा. घाट चढून आलात, जरा दम खा. ही समोर दिसतात ती सात घरं, एवढीच आमची टेकवाडी. खाली खडकुली, वर दाभेरी, आणि मधल्या सपाटीवर आम्ही. मत द्यायला खाली उतरायचं, रेशनला वर चढायचं. असं का झालं ते माझ्या आजेसासूनं मला सांगितलं, तसंच सांगते.

फार मागे खाली कोकणातल्या एका गावात पटकीची साथ आली म्हणे. घरंच्या घरं ओस पडली. सगुणा नावाच्या बाईचा नवरा गेला, दोघे दीर गेले. उरली ती आणि तिची सासू ठमाई. म्हातारीला चालवेना, म्हणून सगुणेनं तिला पाठुंगळी घेतलं आणि घाटावरच्या माहेराची वाट धरली.

खडकुलीच्या वेशीवर पाटील आडवा आला. "कुठल्या गावच्या?"

सगुणेनं खरं ते सांगितलं. पाटलानं लांबूनच हात केला, "पुढं व्हा." दाभेरीच्या वेशीवर पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर. तिथं तर लोक हातात धोंडे घेऊन उभे होते. सगुणा मागे वळली.

या सपाटीवर आल्यावर ठमाई म्हणाली, "सगुणे, टेकव गं मला आता. तूही दमलीस."

म्हातारीला तहान लागली होती. सगुणेनं उंबराखालची ओलसर माती विळ्यानं उकरायला घेतली. उन्हं कलेपर्यंत उकरत होती, बोटांची सालटं निघाली, तेव्हा कुठं ओंजळभर पाणी झिरपलं. दोन दिवसांनी ठमाई गेली, पण तहानेली गेली नाही, असं सांगतात. सगुणेला पुढं कुणी घेत नव्हतं आणि मागे गाव उरलं नव्हतं. तिनं इथंच कुडाचं खोपट घातलं. तिच्यासारखीच वेशीवरून परतवलेली आणखी माणसं येऊन राहिली.

मग एका वर्षी पाऊस दडला. दोन्ही गावांच्या विहिरी आटल्या, हा झिरा आटला नाही. दोन्हीकडचे पाटील एकाच दिवशी हजर झाले. हा म्हणे वाडी आमच्या शिवेत, तो म्हणे आमच्या. सगुणा तेव्हा म्हातारी झाली होती. ती म्हणाली, "पाणी हवं तेवढं न्या. पण त्या दिवशी आम्ही कुणाचे नव्हतो. आता कुणाचे होणार नाही." झिऱ्यात हात बुडवून तिनं तशी शपथ घेतली, आणि वाडीनं ती पाळली.

खरं सांगू? मला कधी कधी तिचा राग येतो. दोन्ही ग्रामपंचायती म्हणतात, तुमचा रस्ता आमच्याकडं नाही. गेल्या आषाढात माझ्या लेकीला झोळीत घालून घाट उतरवला. लेक वाचली, बाळ हाती लागलं नाही. बाईनं हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं, असं त्या दिवशी वाटलं. दोनदा आम्ही अर्ज लिहायला बसलो. पण कुठल्या गावात घाला, ते लिहायची वेळ आली की कुणाचाच हात पुढं जात नाही.

आजही इथं आलेल्याला आधी पाणी देतात आणि गाव कुणी विचारत नाही. मी तुम्हाला विचारलं का? घ्या, तांब्या घ्या. पोटभर प्या. मी पुन्हा भरून आणते.