ब्याण्णव गुणांचं गाव

"पण बुवा, जिथं ग्रामसभेत माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जातात, त्या गावाच्या हाती निधी द्यायचा तरी कसा?"

विश्वंभरनं हे तिसऱ्यांदा विचारलं. सटवाजीबुवा चुलीपुढं बसून पिठलं घोटत होते.

विश्वंभर बुवांचा जुना शिष्य. याच मठात वाढला, शिकला आणि साहेब झाला. कोणती ग्रामपंचायत पाण्याची योजना नीट चालवील, हे पारखून गुण द्यायचं त्याचं काम. आता योजना एक आणि गावं दोन, तांबखोरी आणि घोणसदरा. दोन्हीकडं बाया मैलभरावरून डोक्यावर पाणी आणतात. अहवाल दुपारी तीनच्या आत धाडायचा होता. लिहून तयार होता, पण सही काही होईना.

"घोणसदऱ्याची सभा म्हणजे शिमगा हो! जुनी टाकी गळते, तर एक म्हातारी सरपंचबाईंना म्हणते, 'चढ वर आन् बोट घालून बघ!' आणि बाई खरंच पदर खोचून चढल्या. वरून त्याही तोंड सोडतायत. शोभतं का हे?"

"आणि तांबखोरी?"

"नाव ठेवायला जागा नाही. दप्तर लख्ख. तीन वर्षांत एका ठरावाला विरोध नाही, सगळं सर्वानुमते. शंभरात ब्याण्णव दिले मी."

"मग कर की सही."

"करतोच..."

त्यानं पेनाचं टोपण काढलं. पुन्हा लावलं.

"अडलंय कुठं?"

"कुठं काय... तिथल्या सभेत एक बाई बोलायला म्हणून उठली होती. सरपंचांनी नुसतं बघितलं तिच्याकडं. बसली खाली... एवढंच."

बुवांनी पातेलं उतरवलं. पानं मांडली. पंगतीला होतं कोण? विश्वंभर, आणि मठाची झाडलोट करणारी ठकूबाई.

विश्वंभरनं पहिला घास घेतला आणि थबकला. अगदी अळणी! घास तोंडातल्या तोंडात फिरायला लागला. पण गुरूच्या हातचं ते. बिचाऱ्यानं निमूट गिळलं.

"कसं झालंय?"

"फक्कड, बुवा!"

"वाढू आणखी?"

"वाढा की... थोडंसं."

ठकूबाईनं घास तोंडात घातला मात्र, ताटच पुढं सरकवलं.

"अहो बुवा, मीठ काय देवाला वाहिलंत? हे गिळायचं कसं माणसानं?"

बुवा हसत उठले. मिठाची बरणी तिच्यापुढं ठेवली. पळी तिच्या हातात दिली. ठकूबाईनं बडबडत पिठलं पुन्हा चुलीवर चढवलं, मीठ घातलं, ढवळलं, तळहातावर थेंब घेऊन चाखलं आणि सगळ्यांना परत वाढलं.

विश्वंभरचे कान लाल झाले. पण लगेच हार मानेल तो साहेब कसला!

"मलाही कळलं होतं, बुवा. पहिल्याच घासाला कळलं होतं. पण म्हटलं, तुमचं मन कशाला दुखवा..."

बुवांनी त्याच्याकडं पाहिलं. मग आपल्या पानावर बसत म्हणाले,

"तांबखोरीची माणसंही तुझ्यासारखीच भली असतील रे."