कोंडाईचा हात

घाटाला नुसती पायवाट होती आणि मीठसुद्धा डोक्यावरून वर यायचं, त्या काळातली ही कोंडाई. बसा नीट, म्हणजे सांगते.

वर पठारावर आपली गवळी धनगरांची वाडी. घरोघरी म्हशी. तूप खाली न्यायचं आणि नाचणी वर आणायची, असा संसार. वाडीचा एक नियम होता. दिवाळी झाली की सगळ्यांनी मिळून डोंगराचं गवत कापायचं आणि वाटे घालायचे. दुभत्या म्हशीला वाटा, गाभण म्हशीला वाटा. भाकड म्हशीला मात्र नाही. तिला घाटाखालचा हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, घेऊन जायचा, आणि हेड्यानं नेलेली भाकड म्हैस पुढे कुठे जाते, ते मी सांगायला नको.

आता गाभण कोण आणि भाकड कोण, हे ओळखायचं कसं? गाय माजावर आली की हंबरून गाव गोळा करते. म्हशीचा माज मुका. ती रानात रेड्याबरोबर चरते आणि कधी फळली ते कोणाला कळत नाही. म्हणून वाडीला कोंडाई लागायची. कोपरापर्यंत तेल चोपडून ती म्हशीला हात घालायची, डोळे मिटायची आणि सांगायची. नुसतं आहे की नाही एवढंच नाही, तर पोर केवढं झालंय तेही. कधी म्हणायची, "उंदराएवढं हाय." कधी म्हणायची, "मांजराएवढं झालंय, अंगावर केस यायचेत अजून." तिच्या बोटांना डोळे होते, असं म्हणतात. तिनं "रिकामी" म्हटलं की पंचसुद्धा गप्प बसायचे. कोंडाईला त्याचा ताठा होता. का नसावा? तोवर कोणी तिला खोटं पाडलं नव्हतं.

एका वर्षी बायजाची काजळी तिच्यापुढे आली. बायजा विधवा, पदरी लहान लेक, आणि गोठ्यात ही एकच म्हैस. काजळी आटली होती. कोंडाईनं हात घातला, पार खांद्यापर्यंत घातला, आणि बाहेर काढला.

"रिकामी."

"आत्ये, परत एकदा बघ," बायजा म्हणाली. "उतारावर पाय जपून टाकाय लागलीया. बाकीच्या म्हशींना जवळ येऊ देत न्हाई. पोटात हाय तिच्या."

"तुला वाटतंय. मला हाताला कळतंय," कोंडाई म्हणाली. "न्हाई म्हंजे न्हाई."

काजळी घाट उतरली. बदल्यात बायजाच्या दारात थोडी नाचणी आली, ती लेकीच्या पोटाला किती दिवस पुरणार?

हेडी कळप पुरा होईपर्यंत घाटाखाली नदीकाठी तळ देऊन राहिला. बायजा कामं उरकली की घाट उतरायची, काजळीला पेंढी घालायची आणि पुन्हा वर चढायची. विकलेल्या म्हशीला गवत घालणारी बाई वाडीनं कधी बघितली नव्हती. लोक हसले. मग एका सकाळी काजळी नदीचं गार पाणी घटाघटा प्यायली, आणि तिच्या उजव्या कुशीवर आतून कोणीतरी ढुसणी मारली. बायजानं ती डोळ्यांनी बघितली.

ती वर आली. भांडली नाही. कोंडाईच्या दाराशी उभी राहून एवढंच म्हणाली, "आत्ये, पोर हाललं."

दुसऱ्या दिवशी कोंडाई स्वतः खाली गेली. काजळीला पाणी पाजलं आणि कुशीवर तळवा टेकला. तळव्याखाली पोर फिरलं. म्हातारी तिथेच खाली बसली. तिला लाज वाटली, पण लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. त्या एका शब्दावर तिनं आजवर किती म्हशी खाली धाडल्या होत्या, आणि त्यांतल्या किती अशा होत्या, ते आता कोण सांगणार?

"घेतलेलं जनावर मी माघारी देत न्हाई, आजी," हेडी म्हणाला.

कोंडाईनं आपल्या दोन दुभत्या म्हशी आणून त्याच्या खुंट्याला बांधल्या आणि काजळीला सोडवलं. कोणी म्हणतात, सगळा गोठा दिला. तुम्हाला पटेल ते धरा.

त्यानंतर कोंडाई बायजाच्या गोठ्यातच राहिली. रोज काजळीला हात लावायची, पुन्हा शिकायची. पोर लहान असतं तेव्हा गर्भाची पिशवी मागे, हाडापाशी असते, हाताला लागते. पोर जड झालं की ती पोटाच्या तळाशी उतरते, आणि हात रिकामा परत येतो. आणखी वाढलं की ते पुन्हा हाताशी येतं. "पोट रिकामं नव्हतं," ती बायजाला म्हणाली, "माझा हात आखूड पडला. तुला दिसत होतं, आणि मी तुला बोलू दिलं न्हाई."

उन्हाळा सरता सरता काजळी व्याली. पारडीचं तोंड बाहेर आलं आणि पहिला श्वास घ्यायच्या आधी तिनं कोंडाईचं बोट चोखलं, असं म्हणतात. त्या वर्षी बायजाच्या लेकीला पोटभर दूध मिळालं. पुढे कोंडाई गेली, तेव्हा वाडीतल्या सगळ्या गाभण म्हशी तिच्या झोपडीभोवती येऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांच्या कुशी एकदम हालल्या, असंही म्हणतात. मी बघायला नव्हते, पण सांगणारे शपथ घेऊन सांगतात.

आता वाडीवर डॉक्टर मोटरसायकलीवर येतो. हात घालतो, सांगतो, आणि बहुतेक वेळा बरोबरच सांगतो. तरी म्हैस विकायची झाली तर दावं लगेच सुटत नाही. जी बाई त्या म्हशीचं शेण काढते, तिला वाडीतला जाणता माणूस विचारतो, "बाई, तुला काय वाटतं?" ती म्हशीला गार पाणी पाजते, उजव्या कुशीवर हात ठेवते, आणि ती बोलेपर्यंत सगळे थांबतात. ती "ऱ्हाऊ द्या" म्हणाली, तर म्हैस राहते. तिच्यासाठी गवताचा एक वाटा वेगळा काढतात, त्याला कोंडाईचा वाटा म्हणतात.

पुष्कळदा ती म्हैस खरोखरच भाकड निघते आणि वर्षभर गवत फुकट खाते. त्या गवताबद्दल वाडीत आजवर कोणी चकार शब्द काढलेला नाही.