खुंट्याला मारलेली गाठ

फार फार पूर्वी एका राज्यात नावा डोंगर उतरत असत. हसू नका, खरंच उतरत. राजाने डोंगराच्या पोटातून कालवा नेला होता आणि पलीकडच्या उतारावर दगडी कोठ्या बांधल्या होत्या. प्रत्येक कोठीला एक वरचं दार आणि एक खालचं. नाव आत आली की वरचं दार लावायचं आणि खालची झडप उघडायची. पाणी हळूहळू उतरे, त्याच्याबरोबर नावही उतरे. मग खालचं दार उघडून ती पुढे जाई.

या कालव्यावर केरू नावाचा नावाडी होता. त्याचं उभं आयुष्य नावेत गेलेलं. हात कसलेले, पण जीव भारी घाबरट. ढगाचा एवढासा ठिपका दिसला तरी हा सामानावर घोंगडी ओढायला धावे. बायको बाळंतपणात गेली, तेव्हापासून तो असा झाला होता. मागे राहिली ती एकुलती एक लेक, सारजा.

आता सारजाचंच पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं. तिचं सासर डोंगरापलीकडे. तिला माहेरी आणायला केरू स्वतः नाव घेऊन गेला. येणाऱ्या बाळासाठी केलेला पाळणा घरी ठेवून जायचा, तर तोही त्याने नावेत घेतला होता, लेकीला दाखवायला. निरोप देताना तिची सासू म्हणाली, "व्याही, जपून न्या." झालं. त्या एका वाक्याने केरूची झोप उडाली.

वाटेत बोगदा लागला. आत वल्हं मारायला जागा नव्हती. नावाडी उताणा पडून भिंतीला पाय रेटत नाव पुढे ढकली, तसा केरू ढकलत होता. मिट्ट काळोख. छतातून पाणी ठिबकत होतं.

"पोरी, हायेस ना?"

"हाय, बा."

चार पावलं रेटली की पुन्हा तेच.

"हायेस ना?"

"बा, नावेतून मी कुठं जाणार?" सारजा हसून म्हणाली.

तेवढ्यात नाव भिंतीला घासली आणि सारजा कण्हली. नुसताच कमरेला हिसका बसला होता. पण केरूची धास्ती बोगदा संपला तरी गेली नाही. पुढे कोठी होती. झडप उघडली की नाव हलणार, हे त्याला ठाऊक होतं. लेकीला आणखी एक हिसका बसला तर? तिच्या आईसारखं झालं तर?

कोठीचा एक रिवाज होता. काठावरच्या खुंट्याला दोराचा नुसता वेढा द्यायचा आणि टोक हातात ठेवायचं. पाणी उतरेल तसतसा दोर सोडत जायचा. कोठीत गाठ मारायची नाही, हे त्या कालव्यावरची शेंबडी पोरंही सांगत. केरूने तर कितीतरी नवशिक्यांना यावरून झापलं होतं.

त्या दिवशी मात्र त्याने पुढचा दोर बांधला, मागचाही बांधला आणि गाठी पायाने दाबून आवळल्या. नाव तसूभरही हलता कामा नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. मग तो आत जाऊन सारजाच्या पाठीशी गोधड्या रचू लागला. वर काठावर कोठीची दारं सांभाळणाऱ्या आक्काने खालची झडप उघडली.

सारजाने बापाच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"बा, दोर कुणाच्या हातात हाय?"

"बांधलाय. चांगला घट्ट."

सारजाचा चेहरा उतरला. ती नावाड्याची लेक होती.

पाणी खाली गेलं, नाव वरच अडकली. दोर करकरले. खुंट्याकडची बाजू वर राहिली आणि दुसरी झुकू लागली. घागर घरंगळली, पाठोपाठ पाळणा घसरला आणि नाव नि भिंत यांच्यामधल्या पाण्यात पडला. सारजाने दोन्ही हातांनी नावेची फळी धरली. नावेच्या झुकलेल्या कडेवरून पाणी आत येऊ लागलं.

केरू दोराकडे झेपावला. गाठ दगड झाली होती. त्याने कुऱ्हाड उचलली.

"तोडू नगंस," आक्का वरून ओरडली. "नाव पोरीसकट खाली आदळंल. उभा ऱ्हा तसाच."

तिने खालची झडप बंद केली आणि कोठीत पाणी घेणारी वरची झडप उघडायला धावली. आता पाणी पुन्हा भरेपर्यंत वाट पाहायची, दुसरा इलाज नव्हता. पाणी त्याच्या चालीनेच चढणार होतं.

"पोरी, हायेस ना?"

उत्तर आलं नाही. केरू आयुष्यात इतका कधी भ्याला नव्हता, आणि ही भीती त्याच्याच हातांनी बांधलेली होती.

पाणी चढलं. नाव कुरकुरत सरळ होऊ लागली आणि जाता जाता पाळणा भिंतीशी चिरडून गेली. दोर सैल पडले.

"हाय, बा," आतून बारीक आवाज आला. फळी धरून तिची बोटं सोलवटली होती, बाकी ती धड होती. केरू लहान पोरासारखा रडला.

आक्का काठावर येऊन उभी राहिली. "केरू, तुला रीत ठाव नव्हती व्हय?"

"ठाव व्हती, आक्का. पण पोर आत व्हती."

"म्हणूनच तर दोर हातात धरायचा."

केरूने गाठी सोडल्या. आक्काने वरची झडप लावून खालची उघडली आणि मागचा दोर घेतला, केरूने पुढचा. पाणी पुन्हा उतरू लागलं. नाव हलली, डुलली. प्रत्येक डोलासरशी त्याचा हात मूठ आवळायला जाई आणि प्रत्येक वेळी तो दोर थोडा सोडी. नाव खाली पोचली तेव्हा सारजाला कळलंही नाही.

घरी पोचल्यावर थोड्याच दिवसांत सारजा सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. केरूने नवा पाळणा केला आणि दोरी हातात घेऊन बसला. ती दोरी त्याने मुठीत आवळली नाही, नुसती बोटांवर ठेवली.

जीव लावलेल्या माणसाला भीतीच्या गाठीने बांधू नये; दोर हातात ठेवावा आणि गरजेप्रमाणे सोडत जावा.