राणीचा पाणसरडा

एका राज्यात एक दिवस उगवला, तो इतर दिवसांसारखाच. राजा चित्ररथ ओसरीवर बसून दोन गवळ्यांचा म्हशीवरून चाललेला तंटा ऐकत होता. तेवढ्यात भिवजी माळी धावत आला.

"महाराज, बगळ्याने घात केला. राणीसाहेबांच्या पाणसरड्याचा पाय तोडला."

पाणसरडा म्हणजे बोटभर जीव. काळी ओली कातडी, केशरी पोट. राणी सौदामिनीने तो विहिरीत पाळला होता. राणी गेल्या वर्षी देवाघरी गेली. तिने जिवापाड जपलेले असे जिवंत एवढेच उरले होते. त्यात मायावी धूम्रकेशाचा जुना शाप: या जिवाचे रक्त विहिरीत सांडेल त्या दिवशी राज्याचे पाणी आटेल, तो जीव पुन्हा चार पायांवर चालेल तेव्हाच ते परतेल. दुपारपर्यंत नदीत नुसती वाळू उरली.

त्या राज्याची रीत अशी, की जखमेला हळद लावावी आणि दुखणाइताला उबेत निजवावे. राजाने तेच केले. हळद चोपडली, शेल्यात गुंडाळले, मांडीवर घेतले. पाणसरड्याने मान टाकली.

कठड्यावरची टिटवी म्हणाली, "राजा, तळायला काढलास की काय त्याला?"

"मी उपचार करतो आहे."

"तुझ्या तळहाताने तो भाजतो आहे. रांजणाच्या तळाशी पाणी असेल, त्याने हळद धू. मग ज्याने ऊन पाहिले नाही ते पाणी आण. ज्या मातीला लोखंड लागले नाही तिथली गांडुळे आण. तिसरे अवघड. तो आपणहून चालेपर्यंत त्याला हात लावू नकोस."

हळद धुऊन राजा दिवा न घेता, नाग राखत असलेल्या पाण्यासाठी गुहेत उतरला.

"पाणी कोणासाठी?" नागाने विचारले.

"बोटभर जिवासाठी."

नाग बाजूला सरला.

मग धूम्रकेशाच्या बागेत, जिथे कधी कुदळ पडली नव्हती, राजाने नखांनी माती उकरली. सोन्याची नाणी वर आली. ती उचलणाऱ्याचा हात दगडाचा होई. राजाने गांडुळे तेवढी वेचली.

गुहेतले पाणी परातीत ओतून ती सावलीत ठेवली, पाणसरडा पानावरून तीत सोडला. दिवस गेले. माणसे पानांवरचे दव टिपून राहिली. राजा परातीशी बसून राहिला. एके सकाळी पाणसरड्याच्या अंगावर पांढरा पापुद्रा धरला आणि हालचाल थांबली.

धूम्रकेश दारात उभा राहिला. "मेला रे तुझा पाणसरडा! एकदा कुरवाळ तरी. राणीला तरी कुठे धड निरोप दिलास?"

राजाने दोन्ही हात मांडीखाली दाबले. "मला बसू दे," एवढेच तो म्हणाला.

पापुद्रा फाटला. जुनी कातडी मोज्यासारखी उतरली. आत नवा पाय होता, त्याला मोहरीएवढी बोटे. पाणसरडा परातीच्या काठापर्यंत चालत गेला.

नदी खळाळली. धूम्रकेशाचा धूर झाला, तो वाऱ्याने नेला.

"तुला काय देऊ?" राजाने टिटवीला विचारले.

"मी उघड्यावर अंडी घालते. कोणाला तुडवू देऊ नकोस."

"नाही देणार."

राजाने परात विहिरीत अलगद कलती केली. केशरी पोट एकदा चमकले आणि खोल गेले. राणीने मागे ठेवलेले आपल्या हातून जगले, म्हणून त्याने पाण्याला हात जोडले.

राणी त्या पाणसरड्याला कोणत्या नावाने हाक मारी, ते मात्र तिला विचारायचे राहून गेले.