तासभर उकळलेला मासा

एकदा एका बंदराच्या गावी एक वृद्ध दुभाषी राहत असे. त्याला अकरा भाषा येत, आणि त्यांपैकी एकही तो शुद्ध बोलत नाही, असे गावातले विद्वान म्हणत. विद्वान बहुधा घरीच बसून असत. जहाजांवरून उतरणारे लोक मात्र सर्वांत आधी या म्हाताऱ्याचे घर विचारत.

त्याच्यापाशी एक शिष्य होता, मोठा गुणी आणि अतिशय कष्टाळू. खाडीपलीकडे शिडे शिवणाऱ्या लोकांची एक छोटी वस्ती होती. ते समुद्रापलीकडच्या एका देशातून येऊन तिथे राहिले होते. शिष्याने त्यांची भाषा शिकायला घेतली, म्हणजे गुरूंनी मिळवून दिलेली त्या देशाची एक जुनी पोथी तीन महिन्यांत मुखोद्गत केली. वस्तीत गेला की मात्र तो तोंड मिटून बसे. ‘एकदा पूर्ण येऊ दे, मग बोलेन,’ असे त्याचे म्हणणे. हे वाक्य वाचताना आपल्यापैकी कोणाला स्वतःची आठवण झाली तर होऊ द्यावी.

अशात एका व्यापाऱ्याचे जहाज त्याच देशाला निघायचे ठरले. व्यापारी वृद्धाला म्हणाला, “तुमचं वय झालं, शिष्याला नेईन म्हणतो. पण निघण्याआधी त्या वस्तीत येऊन याची भाषा कशी आहे ते मी स्वतः विचारणार. बरी नसेल तर दुसरा माणूस बघेन.” शिष्याने पाच वर्षे अशा प्रवासाची वाट पाहिली होती. त्या रात्री त्याला धड झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी गुरू त्याला घेऊन वस्तीत गेले. एक म्हातारी अंगणात शीड शिवत बसली होती. गुरू तिच्यासमोर ऐसपैस बसले आणि तिच्या भाषेत मोडकेतोडके बोलू लागले, “ताई, काल तुमच्याकडचा माशाचा रस्सा केला. मासा आधी टाकला, तासभर उकळला, मग कांदा घातला.”

शिष्य चकित झाला. हा रस्सा गुरू दर आठवड्याला करत आणि तो कधीही बिघडत नसे.

म्हातारीने सुई खाली ठेवली. “तासभर? मासा होता की चामडं?” आणि ती जी सुरू झाली ती थांबेचना. कांदा कधी, आंबट कधी, आईने कसे शिकवले, सासूने कसे बिघडवले, सारे हातवारे करून सांगू लागली. गुरू मान हलवत होते आणि मधूनच आणखी काहीतरी चुकीचे बोलत होते.

शिष्याला ते सहन होईना. तीन महिन्यांत प्रथमच त्याने तोंड उघडले आणि पोथीतल्या निर्दोष भाषेत म्हणाला, “क्षमा असावी. माझ्या गुरूंना या पाककृतीचे यथार्थ ज्ञान आहे. त्यांचे कथन प्रमादवश झाले.”

म्हातारी एकदम गप्प झाली. उठून उभी राहिली, डोक्यावरून पदर घेतला आणि हात जोडून म्हणाली, “साहेब, आमची वस्ती उठवणार का?”

तिच्या देशात अशी भाषा फक्त दरबारचे अधिकारी बोलत. तिची समजूत घालता घालता गुरूंना दुपार झाली.

परतताना होडीत शिष्याचे डोळे भरून आले. “गुरुजी, माझी एक चूक नव्हती हो.”

“तेच तर,” गुरू म्हणाले. “ज्याची चूक नाही त्याला शिकवायचं काय? त्याला लोक नमस्कार करतात आणि गप्प होतात. चुकणाऱ्याला मात्र जवळ बसवतात. मला अकरा भाषा आल्या त्या डोक्याच्या जोरावर नाही. काठी कुठे ठेवली तेही मला आठवत नाही, तू रोज बघतोसच. मी दर भाषेत आधी त्यांचा एखादा पदार्थ बिघडवतो. मग त्यांना राहवत नाही. पोथी दरबारी आहे हे तुला आधी सांगायला हवं होतं, ते राहिलं, ती चूक माझी. तुझी मेहनत वाया जाणार नाही. पण तू सगळं घेऊन लोकांच्या दारात जातोस रे. थोडं मागायला जा.”

शिष्याने डोळे पुसले आणि म्हणाला, “उद्या मी काय बिघडवू?”

गुरू मोठ्याने हसले. “तुला मुद्दाम काही करावं लागणार नाही. नुसतं तोंड उघड.”

तसेच झाले. दुसऱ्या दिवशी तो मासे घेऊन एकटाच गेला आणि खवलेही न काढता मासा भांड्यात टाकू लागला. म्हातारीने त्याच्या हातावर चापट मारली आणि तिथून पुढे महिनाभर तो बोलणी खात, हसे करून घेत, पोटभर जेवत राहिला.

जहाज निघायच्या सुमारास व्यापारी ठरल्याप्रमाणे वस्तीत आला. त्याला म्हातारीची भाषा येत नव्हती, म्हणून वृद्ध मध्ये बसला. प्रश्न ऐकून म्हातारी म्हणाली, “याची भाषा? एक वाक्य धड बोलत नाही.”

वृद्धाने ते जसेच्या तसे सांगितले. दुभाष्याला दुसरे काही करता येत नाही. शिष्याची मान खाली गेली. व्यापारी उठू लागला.

“थांबा, माझं संपलं नाही,” म्हातारी म्हणाली. “तिकडे माझी धाकटी बहीण आहे. बारा वर्षांत किती जहाजं गेली, पण तिला सांगावा मी कोणाकडेही दिला नाही. परक्याजवळ काय बोलायचं? याला पाठवत असाल तर देते.”

हे व्यापाऱ्याला सांगताना वृद्धाचा आवाज दोनदा अडखळला. इतक्या वर्षांत बोलणे पोचवताना तो असा कधी अडला नव्हता. व्यापारी परत खाली बसला आणि म्हणाला, “याला सांगा, सामान बांधायला घे.”

शिष्याने ते ऐकले की नाही कोण जाणे. तो म्हातारीच्या शेजारी जाऊन बसला होता आणि बहिणीसाठीचा निरोप तिच्यामागून म्हणून पाहत होता. तो चुके तिथे ती त्याला थांबवी, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगे.