ठाकुरांची टेकडी

दीडशे वर्षांपूर्वी मारवाडच्या वाळवंटात केसर नावाची, उंट पाळणाऱ्या रायका जमातीतली एक बाई तीनशे उंटांचा कळप बाळगून होती. नवऱ्यामागे तिनं एकटीनं कुरण राखलं आणि उंट असे वाढवले, की लांबलांबचे व्यापारी तिच्या दारी येत. शेजारच्या ठाकूर जालमसिंगांना हे खुपत होतं.

दोघांच्या हद्दीवर वाळूची मोठी टेकडी होती. दोन उन्हाळ्यांच्या वादळांत ती सरकत सरकत केसरच्या निम्म्या कुरणावर येऊन बसली. ठाकुरांनी लगेच पंच बोलावले.

"ही टेकडी आजोबांपासून आमची," ते मिशीवर हात फिरवत म्हणाले. "टेकडी जिथवर, तिथवर माझी जमीन."

पंच ठाकुरांना वचकून होते. कुरण गेलं तर केसरचे उंट उपाशी मरणार होते. ती हात जोडून उभी राहिली आणि ठाकुरांना तिकडच्या रीतीनं 'हुकूम', म्हणजे मालक, म्हणत तिनं विचारलं,

"टेकडी तुमचीच ना, हुकूम? नक्की?"

"कणन् कण माझा."

"मग पंचांनी ऐकलंच. आपलं जनावर दुसऱ्याच्या कुरणात शिरलं, तर मालकानं ते हाकून न्यावं, असा इथला रिवाज आहे. हुकूमांनी आपली टेकडी घरी न्यावी. ओझ्याला हवे तर माझे उंट देते."

पंचांनी फेट्याच्या शेमल्यात तोंडं लपवली. सर्वांत म्हातारा पंच घसा खाकरून म्हणाला, "ठाकूरसाहेब, कधी नेता?"

ठाकुरांनी डोळ्यांवर हात आडवा धरून टेकडीकडे पाहिलं.

"आता नीट बघतो तर," ते म्हणाले, "ही आमची टेकडी वाटत नाही."